अन्नपूर्णा मक्यावर बसली

तुमच्या देव्हाऱ्यातला देव उद्या सकाळी जागेवर नसेल, तर तुम्ही जेवाल का? घाईनं उत्तर देऊ नका. मी तर विचारही न करता ताट पुढं ओढलं असतं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. पुण्यात आजोबांच्या, म्हणजे बाबांच्या वडिलांच्या घरी, गोष्टींच्या पुस्तकांआधी माझ्या हातात आली ती त्यांनी लिहिलेली पत्रकं. देवावर प्रेम करा, पण त्याला धातूत कोंडू नका. नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, तो करू नका. भुकेल्याला दिलेलं अन्न देवाला पोचतं, दुसरा रस्ता नाही. आजोबा ती छापून आणायचे आणि मी त्यांच्याबरोबर मंडईच्या कोपऱ्यावर उभी राहून वाटायचे. त्यातला शब्दन् शब्द मला आजही मान्य आहे. म्हणून पुढचं सगळं चमत्कार म्हणून वाचू नका. जसं घडलं तसं सांगते आहे, आणि ठामपणे सांगते आहे.

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. बाबांची आयटीतली नोकरी आणि घर झूटरमेरला, मी शिकायला एनस्खेडेला. मागच्या हिवाळ्यात आईच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. जखम भरली, तपासण्या चांगल्या आल्या, पण अन्नावरची वासना उडाली ती परतलीच नाही. आमचा हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, दर वेळी तेच सांगायचा की आता औषधानं करण्यासारखं काही उरलेलं नाही, बाईंनी खाल्लं पाहिजे. आई हट्टी नव्हती. घास तोंडात घ्यायची, तो इकडून तिकडं फिरत राहायचा आणि शेवटी ती ओशाळून रुमालात काढून ठेवायची. दर शनिवारी मी घरी यायचे तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या आणखी सैल झालेल्या असायच्या.

दिवसातून एकदाच तिच्या पोटात काही जायचं, आणि ते ज्याच्यामुळं जायचं ते नेमकं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. आपल्याकडं लग्नात मुलीला माहेराहून पितळेची अन्नपूर्णा देतात. हातात पळी घेतलेली बोटाएवढी देवी. ती तांदळावर बसवायची, तिला रोज नैवेद्य दाखवायचा आणि मग आपण जेवायचं. आई लग्नापासून हे करत आली होती. आजारातही ती उठून चमचाभर वरणभात देवीपुढं ठेवायची, आणि मग तो प्रसाद टाकायचा कसा म्हणून तेवढा गिळायची. त्या चार घासांवर माझी आई उभी होती. तेव्हा मी आजोबांची पत्रकं मनातल्या मनात मिटून ठेवली. पितळेला का होईना, आई खाते आहे ना? मग पितळेचा विजय असो.

आईची धाकटी बहीण, माझी मंजूमावशी, मेक्सिकोत पुएब्ला शहरात राहते. तिनं पुण्याच्या कंपनीत भेटलेल्या राउलकाकांशी लग्न केलं ते घरच्यांच्या विरोधात. आईची आई त्या लग्नाला गेली नाही आणि मावशीला माहेरची अन्नपूर्णाही मिळाली नाही. ही गोष्ट दोघी बहिणी कधी बोलत नसत, पण ती दोघींनाही ठाऊक होती. मावशी फोनवर रडकुंडीला यायची. "ताईला इकडं आणा भाऊजी. माझ्या हातचं ती नाही म्हणणार नाही." शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो.

आता आमच्याच घरात घडू शकेल अशी चूक ऐका. प्रवासात देवीला रिकामं बसवायचं नाही म्हणून आईनं तांदळाचा एक डबा भरला, त्यात अन्नपूर्णेला खोल रोवली आणि वरून झाकण घट्ट लावून डबा बॅगेत ठेवला. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी दोन वाक्यं ऐकवली असती. मेक्सिकोला उतरल्यावर आई हातपाय धुवायला गेली. मी तिच्याबरोबर गेले. तेवढ्यात बाबा तपासणीच्या टेबलापाशी पोचले. माझे बाबा नियमांचे इतके पक्के की रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरही सायकलनं वळताना हात दाखवतात. तिथल्या अधिकारी बाईंनी बॅगेत धान्य आहे का विचारलं, तर बाबांनी अभिमानानं डबा काढून दिला. कच्चं धान्य देशात नेता येत नाही, असं त्या बाईंनी नम्रपणे सांगितलं आणि डबा ठेवून घेतला. बाबांनी वर त्यांचे आभारही मानले.

पुएब्लाला मावशीच्या घरी पोचल्यावर आईनं बॅग उघडली. "डबा कुठाय?"

"तांदळाचा? तो दिला मी. नियम आहे तसा," बाबा म्हणाले.

आई पलंगावर बसली. तिनं आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं. "अहो, देवी होती त्यात."

मावशीनं बाबांपुढं हात जोडले. "धन्य आहात भाऊजी! राजा हरिश्चंद्रानं निदान राज्य दिलं, तुम्ही अन्नपूर्णाच देऊन टाकलीत." कोणी हसलं नाही, मावशीसुद्धा नाही.

राउलकाका लगेच फोनला बसले. एका खात्याकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून पुन्हा पहिल्याकडं. जप्त केलेलं धान्य नष्ट करतात, एवढंच कळलं. इकडं मावशीचा स्वयंपाक सुरू झाला. तिळाचं, सुक्या मिरच्यांचं आणि किंचित चॉकलेटचं दाट वाटण घालून तिनं आमच्यासाठी बटाट्याचा मोले केला. भोपळ्याची फुलं आणि चीज भरून पोळ्या भाजल्या. निवडुंगाची कोवळी पानं काटे काढून परतली, ती थेट भेंडीसारखी लागली. बाबा अपराधी चेहऱ्यानं का होईना, पण तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे. खोटं कशाला सांगू, मीही पोटभर जेवत होते. आणि आई ताटापुढं बसून म्हणायची, "मंजू, वास किती छान येतोय गं," आणि चहा मागायची. चहा, पाणी आणि गोळ्या, बास. तिचे ते चार घासही आता बंद झाले होते.

मी सगळं करून पाहिलं. देव सगळीकडं आहे, हे सांगितलं. आजोबांची वाक्यं ऐकवली. मावशीनं देवीचा फोटो मोबाइलवर शोधून समोर ठेवला, तर आई क्षीण हसून म्हणाली, "मोबाइलला भरवू का आता?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू म्हणतेस ते मला पटतं गं. डोक्याला पटतं, गळ्याला पटत नाही." बाबा परतीची तिकिटं अलीकडची मिळतात का ते बघू लागले. जिना चढताना आईला भिंतीचा आधार लागत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडं काही मागितलं. मागणी अशी नव्हतीच. मी फक्त म्हणाले, माझे सगळे मुद्दे संपले, आता तू बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं आईला बळेच बाजारात नेलं. घरात पडून राहण्यापेक्षा वारा तरी लागेल म्हणून. बाजाराच्या तोंडाशीच आईला घेरी आली. तिथं एक बाई नुकतीच चूल पेटवून मातीच्या तव्यावर मक्याच्या भाकरी थापत होती. तिच्या बाकावर आम्ही आईला टेकवलं. मावशी पाणी आणायला वळली आणि मी आईला वारा घालत उभी राहिले. त्या बाईच्या मागं भिंतीत एक कोनाडा होता. त्यात निळ्या शालीतल्या मेरीमातेचं चित्र, दोन झेंडूची फुलं आणि एक मिणमिणती मेणबत्ती. झेंडू बघून आईची नजर तिथं थांबली. बाईनं तव्यावरची पहिली भाकरी उतरवली, स्वच्छ फडक्यावर घेऊन त्या कोनाड्यात ठेवली, डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग पुन्हा थापायला लागली. तिच्या थापण्याचा आवाज आमच्या घरच्या ज्वारीच्या भाकरीसारखाच होता.

आई हळूच म्हणाली, "ही नैवेद्य दाखवतेय."

तेवढ्यात त्या बाईनं आईकडं पाहिलं. नीट पाहिलं, जसं आपल्या माणसाकडं पाहतात तसं. काही न विचारता ती उठली, कोनाड्यातली तीच भाकरी काढली, तिच्यावर मिठाचे चार कण टाकले, गुंडाळी केली आणि आईच्या हातात देऊन तिची बोटं वरून मिटली. काहीतरी म्हणाली. पाणी घेऊन आलेल्या मावशीनं ते ऐकलं आणि पेला आईपुढं धरत सांगितलं, "ताई, ती म्हणतेय, माउलीचं खाऊन झालंय, आता तू खा."

आई त्या गुंडाळीकडं बघत राहिली. ही भाकरी तिच्या देवीची नव्हती, तिच्या देशाची नव्हती, तिच्या धर्माचीही नव्हती. पण प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, हे तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं. तिनं ती भाकरी दोन्ही डोळ्यांना लावली. एक तुकडा तोडला. तोंडात घातला. तो घास इकडून तिकडं फिरला नाही. सरळ खाली उतरला. मग दुसरा उतरला. सगळी भाकरी संपल्यावर आईनं हात झटकले आणि मावशीला म्हणाली, "मंजू, तिला विचार, अजून एक देते का. आणि मिरची असली तर थोडी."

मावशी बाजारात उभी राहून रडली. बाई गोंधळली, तिला वाटलं मिरची फार तिखट आहे म्हणून ही रडतेय, आणि तिनं घाईनं लिंबू कापून पुढं केलं. मग आम्ही सगळेच हसत सुटलो.

आजोबांनी लिहिलं होतं की भुकेल्याला दिलेलं अन्न देवाला पोचतं. इथं देवाला दिलेलं अन्न भुकेल्याला पोचलं होतं. रस्ता तोच, फक्त उलट्या बाजूनं आलेला. माझी पत्रकं खोटी ठरली असं मला अजिबात वाटत नाही. उलट त्या सकाळी ती माझ्यासमोर चुलीवर भाजली गेली. एवढंच उमगलं की मी ती इतकी वर्षं वाटली, पण एकदाही आईच्या हातात भाकरीसारखी दिली नव्हती. त्या बाईला ती वाचता आली नसती, आणि वाचायची तिला गरजही नव्हती. कृपा माझ्या बाजूनं येईल की आईच्या, हा आमचा घरगुती वाद होता. ती आली तिसऱ्याच दारानं, हाताला मक्याचं पीठ लागलेली.

त्यानंतर आम्ही खरी सुट्टी घालवली. रोज सकाळी आई आधी त्या बाईकडं जायची, मग मावशीच्या टेबलावर. केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाले तिनं पानग्या म्हणून खाल्ले. मोलेतला मसाला ओळखायची पैज ती राउलकाकांशी लावायची आणि काका मुद्दाम हरायचे.

आमच्या निघण्याच्या थोडं आधी काकांना विमानतळावरून फोन आला. डबा रिकामा करताना त्या अधिकारी बाईंना देवी सापडली होती आणि त्यांनी ती पुसून आपल्या टेबलावर ठेवली होती. काका आणि मावशी जाऊन तिला घेऊन आले. "तांदूळ नष्ट करायचा हुकूम होता," त्या बाई म्हणाल्या होत्या, "या बाईसाहेबांबद्दल काही हुकूम नव्हता."

आईनं अन्नपूर्णेला धुतलं, कुंकू लावलं. मला वाटलं आता ती तिला पदरात बांधून ठेवेल. पण तिनं मावशीच्या स्वयंपाकघरातली एक मातीची वाटी घेतली, तिच्यात मक्याचे दाणे ओतले, देवीला त्यावर बसवलं आणि वाटी मावशीच्या ओट्यावर ठेवली.

"आईनं तुला दिली नव्हती. आता मी देतेय."

"अगं ताई, मग तू जेवशील कशी?"

"जेवते की. इतके दिवस काय कोणाला विचारून जेवतेय?"

बाबांनी तेवढ्यात हळूच विचारलं की मक्यावर बसवलेलं चालतं का. मावशी डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही आता नियम सांगू नका."

आई झूटरमेरला परतली ती रिकाम्या हातानं. देव्हाऱ्यात आता अन्नपूर्णेची जागा मोकळी आहे आणि ती मोकळी जागा बघून मला कधीच उणं वाटत नाही. जे घट्ट धरून ठेवल्याशिवाय आपण जगणार नाही असं वाटतं, ते हातातून सुटल्यावरच कधीकधी हात पुढं करता येतो, हे मी पाहिलं आहे. मी देवाला मुद्दे देणं थांबवलं नाही, पण ते संपले की आता मी घाबरत नाही.

आई आता तव्यावरची पहिली पोळी काढते, देव्हाऱ्यातल्या त्या मोकळ्या जागी क्षणभर ठेवते, आणि मग ती गरम असतानाच जिना उतरून खालच्या मजल्यावर जाते. तिथं एक वृद्ध डच बाई एकटी राहते. या देशात कोणाकडं जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते. आई ठरवत नाही. पहिल्यांदा त्या आजी दार अर्धंच उघडून उभ्या राहिल्या. आता त्या दुपारी लोणी टेबलावर काढून ठेवतात.

तेव्हा माझी एक विनंती आहे. हे वाचून मान डोलावू नका. उद्या तव्यावरची पहिली पोळी उतरली की ती बाजूला काढा. तुमच्या देवाला दाखवा, देव मानत नसाल तर नुसती फडक्यात गुंडाळा. मग तुमच्या शेजारचं सगळ्यात शांत दार कोणतं ते आठवा, ते वाजवा, आणि ते उघडेपर्यंत तिथं उभे राहा.