रांगती बाळं आणि गोंधळलेल्या आम्ही

हे किस्से मी मुद्दाम जमवले नाहीत हो! सहा महिन्यांपुढची बाळं आणि त्यांच्या आया एका सतरंजीवर बसवल्या की ते आपोआप साचतात. छप्पन्न साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं तेव्हा मी उज्जैनला, माधव नगरच्या शिशुकेंद्रात मदतनीस म्हणून लागले. आमच्या डॉक्टरीणबाई एकदम शांत. गोंधळायचं खातं माझ्याकडे!

*

राज्य बदललं तसे फॉर्मही बदलले, शुद्ध हिंदीत आले. एक प्रश्न होता, 'क्या शिशु अपरिचित व्यक्ति को देखकर रोता है?' मी समोरच्या बाईंना विचारलं. त्यांचं आठ महिन्यांचं बाळ टाहो फोडत होतं.

"घर पे तो कभी नहीं रोता," त्या म्हणाल्या, "आपको देखा तब से..."

"चांगलं लक्षण आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या वयात आपलं-परकं कळायला लागतं."

चांगलं कुणासाठी, ते मी विचारलं नाही!

*

एका आईला डॉक्टरीणबाईंनी बाळाला मऊ, पातळ जेवण द्यायला सांगितलं. मी हौसेनं हिंदी केलं, "पतला शीरा खिलाओ!"

पुढच्या आठवड्यात बाळ आलं ते चिकट्ट, मागे माश्यांची मिरवणूक.

"शीरा ही तो दिया," आई म्हणाली, "दो तार का!"

तेव्हा कळलं, हिंदीत शीरा म्हणजे साखरेचा पाक! वजन करून बाळ उचललं, तर पारडंही बरोबर आलं.

*

रामघाटावर पूजा सांगणाऱ्या एका पंडाजींचा नातू उलटाच रांगायचा. पुढे खुळखुळा ठेवला की हा मागे मागे! पंडाजी रडकुंडीला आले.

"होतं असं. काही बाळं आधी मागेच सरकतात," म्हणत डॉक्टरीणबाई पदर खोचून स्वतः सतरंजीवर रांगायला लागल्या. नेमके भोपाळचे साहेब तपासणीला आले.

"डॉक्टर साहिबा कहाँ हैं?"

मी खाली बोट दाखवलं. बाई तशाच मान वर करून म्हणाल्या, "सामने से हटिए, बच्चा देख रहा है!"

साहेब गडबडले आणि मागे मागे सरकत दारापर्यंत गेले.

पंडाजींनी कपाळाला हात लावला. "लो, ये भी!"

*

सुमनताई शाळेत शिकवायच्या. बारसं झालं आणि लगेच नवऱ्याची बदली भोपाळला, तो एकटाच तिकडे. दहा महिन्यांचा वामन दिवसभर सासूबाईंजवळ. एकदा सुमनताई आल्या त्या डोळे सुजवूनच.

"शेजारी 'वामन, वामन' करतात, हा बघतही नाही. बहिरा तर नाही ना हो?"

डॉक्टरीणबाईंनी मागून हाक मारली, "वामन!" ढिम्म. मी ओरडले. ढिम्म. मग बाईंनी मागूनच वाटीवर चमचा वाजवला. गर्रकन मान वळली!

"कान उत्तम आहेत. घरी काय हाक मारता?"

सुमनताई घुटमळल्या. "मला ते नाव घेता येत नाही. मामंजींचं ठेवलंय. ते गेले, त्याच वर्षी हा झाला."

"आणि सासूबाई?"

"त्या तरी कशा घेतील!"

सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. बाईंनी त्यांना आत बोलावलं. "आजी, रोज मारता तशी हाक मारा."

आजी लाजून चूर झाल्या. मग आमच्याकडे पाठ केली, पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या,

"अहो!"

वामन खुदकन हसला, आणि भराभर रांगत त्यांच्याकडे निघाला.