लिबोरिओची वाट

माझा थोरला भाऊ लिबोरिओ जर्मनीतल्या मोटारींच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं राबला आणि बायको गेल्यावर इटलीत, चिलेंतोच्या किनाऱ्यावर, आमच्या गावी परतला. आम्हाला वाटलं, आता हा चौकातल्या बाकावर बसेल. पण बसणं त्याला जमेचना. जेवता जेवता उठून खिडकीशी जायचा.

"दादा, टेक की जरा," मी म्हणायचे.

"टेकलो की कानात कारखान्याचा भोंगा वाजतो, पिना."

एका मार्चमध्ये त्यानं कोयता घेतला आणि कड्यावरून खाडीत उतरणारी खेचरांची जुनी वाट मोकळी करायला लागला. दरड कोसळल्यापासून खाडीत फक्त होडीनं जाता यायचं. एकांत शोधत येणाऱ्या शहरी पाहुण्यांना एजिदिओ नावाडी सकाळी तिथं सोडायचा, संध्याकाळी आणायचा.

"काय रे जर्मन," एजिदिओ ओरडायचा, "माझ्या पोटावर पाय देतोस होय?"

"तुझी होडी बुडाली की माझ्याच वाटेनं येशील!"

गाव हसायचं. लिबोरिओ काटे तोडत राहायचा.

सप्टेंबरात एके दुपारी एजिदिओ आमच्या दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक. सकाळी त्यानं तोरिनोचं एक म्हातारं जोडपं खाडीत सोडलं होतं आणि आता नैर्ऋत्येचा वारा सुटला होता. लाटा कड्यापर्यंत चढत होत्या. होडी घालणं शक्यच नव्हतं.

"वाट कुठवर झालीय?" त्यानं विचारलं.

"शेवटचे साठ हात राहिलेत. नुसती दरड आहे."

"दोर घे. चल."

दोघं गेले. मी सूप चुलीवर ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. दहादा दारात जाऊन आले.

अंधार पडताना ते आले. बाई एजिदिओच्या पाठीवर, एका पायात चप्पल नाही. नवरा लिबोरिओच्या खांद्याला धरून. लिबोरिओच्या तळहातांची सालं निघाली होती. सूप पिताना बाईंनी विचारलं, "ती वाट कुणी केली?"

"ह्या वेड्यानं," एजिदिओ म्हणाला आणि त्याचा पेला काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी गावकरी लिबोरिओला शाबासकी द्यायला आले, तर हा घरात नव्हताच. दरड फोडायला गेला होता. एजिदिओनं दोन दिवस मदत केली, मग कंबर धरली. ईस्टरपर्यंत वाट खाडीला भिडली.

त्यानंतर लिबोरिओ आठवडाभर घरात होता. तो आठवडा आम्हा दोघांनाही जड गेला. मिठावरून भांडलो, दारावरून भांडलो. सोमवारी म्हणाला, "मुलीकडे जातो, जर्मनीला." मी शर्टांना इस्त्री केली.

बाविसाव्या दिवशी परत आला. बॅग ओट्यावर टाकली, कोयता कुठंय म्हणून विचारलं. सध्या पलीकडच्या सुळक्यावर झुडपं तोडतोय. तिथं पूर्वी कधी वाट होती, असं गावात कुणालाच आठवत नाही.