पिंपातला आवाज

अमेरिकेतल्या आमच्या ड्राय फोर्क गावात दर जूनच्या शेवटच्या आठवड्यात मर्ना हॉगन औषधांच्या दुकानात जाते आणि कंडोमची तीन पाकिटं मागते. बिनतेलाची. वय एकोणसाठ, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, शाळेची बस चालवणारी बाई. गल्ल्यावर नवीन पोरगी असली की तिचे कान लाल होतात. जुनी असली तर विचारते, "काय मर्ना, रोडिओ आला वाटतं?"

"आला ना. हार्लनला घाम फार येतो," मर्ना म्हणते, आणि मागच्या रांगेतली माणसं खोकायला लागतात.

खरी गोष्ट साधी आहे. रोडिओ म्हणजे उधळत्या वळूवर आठ सेकंद टिकून दाखवायचा आमचा जुलैतला खेळ, आणि हार्लन ट्वीडी हा त्यातला विदूषक. रिंगणाच्या मधोमध एका लोखंडी पिंपात उभा राहून तो लोकांना हसवतो आणि वळू अंगावर आला की पिंपात बुडी मारतो. त्याच्या गालाला बारीकसा माइक आणि कमरेला पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी. त्याचं बोलणं ती डबी हवेतून रिंगणावरच्या मर्नाच्या खोलीत पाठवते, आणि तिथून ते स्पीकरवर जातं. जुलैच्या उन्हात तिच्यात घाम शिरला की संपलंच. म्हणून मर्ना डबीला कंडोम चढवते, माइकची तार तोंडाशी बाहेर काढते आणि वर रबर बँडचे तीन वेढे देते. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं नाही. पुस्तिकेत काय लिहिलंय ते मात्र अख्ख्या गावात एकट्या मर्नाने वाचलंय.

बावीस वर्षांपूर्वी रोडिओच्या समितीने हा बिनतारी संच आणला, तेव्हा चार बाप्ये दोन दिवस त्याच्याशी झटापट करत होते. स्पीकरमधून कधी खरखर, तर कधी भलत्याच कुणाची बडबड. मर्ना तेव्हा खाली सरबत विकायची. तिने खोक्यातली पुस्तिका उचलून घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "आधी सगळ्या डब्या बंद करा. हवेत काय चाललंय ते बघू दे." डब्या बंद होत्या तरी रिसीव्हरचा, म्हणजे डबीचा आवाज पकडणाऱ्या यंत्राचा, दिवा लुकलुकत होता. म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेलं. तिने एकेक आकडा बदलत दिवा गप्प होईल अशी मोकळी जागा शोधली, मग डबीवर तोच आकडा लावला. आवाज लख्ख आला. चारही बाप्यांनी आपल्याला हेच सुचलं होतं असे चेहरे केले. तेव्हापासून रिंगणावरची ती खोली मर्नाची.

हार्लनशी तिचं तेव्हापासून जमलं, पण त्याच्या खुळांशी कधीच जमलं नाही. रोडिओवाले सगळेच तसे. टोपी पलंगावर ठेवायची नाही, खेळाच्या दिवशी कोंबडी खायची नाही, आणि पिवळा रंग तर रिंगणाच्या आसपास फिरकू द्यायचा नाही. हार्लन या सगळ्यांचा गुरू. एकदा एका आइसक्रीमवाल्याच्या अंगावरचा पिवळा शर्ट त्याने भर उन्हात उतरवायला लावला होता. मर्ना म्हणायची, "मी सेल आणि दिवे मानते. बाकी तुमचं तुम्ही बघा."

आणि मग गेल्या वर्षीचा तो शनिवार.

शेवटचा वळू होता. स्वार टेट लिंडक्विस्ट, एकोणीस वर्षांचा, मर्नाच्याच बसमधून शाळेत गेलेला. तिसऱ्या सेकंदाला वळूने त्याला आपटलं, जाता जाता हार्लनचं पिंप उडवलं आणि पुन्हा टेटकडे वळला. अशा वेळी बाहेरचं फाटक उघडलं की वळू सरळ तिकडे पळतो. त्याला माणसाशी वैर नसतं, घरी जायचं असतं. पण फाटकवाला फळ्यांच्या भिंतीमागे उभा, त्याला रिंगण दिसत नाही. तो स्पीकरकडे कान लावून असतो आणि फाटकाचा हुकूम एकट्या हार्लनने द्यायचा, असा आमचा जुना नियम. पिंपातून डोकं काढून हार्लन ओरडत होता, त्याचे ओठ मर्नाला वरून दिसत होते आणि स्पीकर ठार मुका. शेवटी निवेदकाने नियम मोडून हाक दिली, तोवर सहा-सात सेकंद गेले होते. तेवढ्यात टेटचा उजवा खांदा गेला. तो हात आता छातीच्या वर जात नाही.

मर्नाने डबी उघडून पाहिली. सेल नवे, भरलेले. चालू-बंदचा खटका मात्र बंद. त्या जुन्या डबीच्या खटक्याचं कुलूप केव्हाच बिघडलेलं, धक्क्याने तो सरकतो, म्हणून मर्ना दर वेळी त्यावर चिकटपट्टी लावते. पट्टी नव्हती. आपण लावली होती असं तिच्या डोक्याला आठवत होतं, बोटांना आठवत होतं, पण रबराच्या आत पट्टी नव्हती. समितीपुढे उभी राहून ती म्हणाली, "पट्टी लावायची विसरले. चूक माझी आहे."

टेटच्या आईने तिच्याशी बोलणं टाकलं. ते मर्नाने पचवलं. पण दुसरंच एक भूत तिच्या मानगुटीवर बसलं. तिची आई शेवटी शेवटी लेकीचं नावसुद्धा विसरली होती, आणि सुरुवात अशीच, गॅस बंद केला की नाही यावरून झाली होती. मर्ना बसचं दार लावून पुन्हा बघायला जायची. पोरं मोजायची, परत मोजायची. एके दिवशी कुणाला न सांगता शहरातल्या डॉक्टरांकडे जाऊन आली. ते म्हणाले, डोकं ठणठणीत आहे. पण मग पट्टी गेली कुठे, याचं उत्तर त्यांच्याकडे थोडंच होतं?

एप्रिलच्या बैठकीत अध्यक्ष बर्ल केचम, आमचा गुरांचा डॉक्टर, म्हणाला, "यंदा शहरातून कंपनी बोलावू. मर्नाबाई, खूप केलंत तुम्ही. आता खाली सावलीत बसून सरबत प्या."

"बर्ल, तुझ्या सुईखाली गेल्या वर्षी दोन घोडे गेले. तुला कुणी सरबत पाजायला आलं नाही." लोक हसले. मर्ना हसली नाही. "यंदाचा रोडिओ मीच करणार. माझ्या हातून बिघडलंय, माझ्याच हातून नीट होऊ दे. आवाज एकदा जरी तुटला, तरी खोलीची किल्ली मीच तुझ्या टेबलावर आणून ठेवीन."

"एकदा जरी?"

"पापणी लवते तेवढा जरी."

तर यंदाचा शनिवार. मर्ना सकाळी सहालाच हजर. सगळ्या डब्या बंद, रिसीव्हर चालू, एकेक फ्रिक्वेन्सी तपासून मोकळी जागा धरली. सेल नवे कोरे, तेही मीटरवर मोजून. मग डबी कमरेला बांधून ती स्वतः रिंगणभर फिरली, फाटकामागे गेली, पिंपात उतरून खाली बसली. गुडघे कुरकुरले, आवाज तुटला नाही. फाटकाशी टेट भेटला. स्वारी संपली होती, पण डाव्या हाताने कडी ओढता येते म्हणून त्याने हे काम मागून घेतलं होतं.

"मर्नाबाई, ऐकू आलं बरं का. तुम्ही पिंपात शिरताना शिवी दिलीत तीसुद्धा."

"तुझ्यासाठी नव्हती रे. गुडघ्यासाठी होती," मर्ना म्हणाली आणि घाईने वळली, कारण त्या हाताकडे बघवत नव्हतं.

खेळाला अर्धा तास उरला तेव्हा हार्लन रंगवलेलं तोंड घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. मर्नाने खटका चालू केला, वर लाल पट्टी लावली, अंगठ्याच्या नखाने दाबली. एक पट्टी, मग आडवी दुसरी.

"बरं झालं बाई, यंदा लाल आणलीस," हार्लन म्हणाला.

मर्नाचा अंगठा तिथेच थांबला. "यंदा म्हणजे?"

रंगाखाली हार्लनचं तोंड पडलेलं स्पष्ट दिसत होतं.

"हार्लन. गेल्या वर्षी कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी," तो बुटांकडे बघत म्हणाला. "रबरातून दिसली गं मला. कमरेला पिवळं बांधून वळूपुढे जाऊ? रबर सोडून काढून टाकली, रबर परत चढवलं. म्हटलं, एवढ्याशा पट्टीने काय होतंय."

आणि मर्नाला सगळं आठवलं. पांढरी गुंडाळी संपली होती. तिने बसच्या पेटीतली पिवळी आणली होती. जाकिटाच्या आत कुणाला दिसतंय, म्हणून स्वतःशीच हसलीसुद्धा होती.

"आणि तू वर्षभर गप्प बसलास?"

"रोज सांगणार होतो. पण टेटचा हात बघितला की तोंड उघडायचं नाही."

"अरे मेल्या, मी त्या पोराच्या आईपुढे मान खाली घालून उभी राहिले! माझ्या आईसारखं माझंही सुरू झालं म्हणून डॉक्टर गाठला! एक वर्ष, हार्लन! एक अख्खं वर्ष मी माझ्याच डोक्याला चोर समजले!"

डबी त्याच्या टाळक्यात हाणावी असं तिला मनापासून वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच. बर्लला आत्ताच्या आत्ता बोलावून याला उभा करावा, आपलं नाव धुऊन घ्यावं. पण मग पिंपात कोण उतरणार? आणि आत कोंडलेले अठरा वळू काही थांबणार नव्हते. तिने बाहीने डोळे पुसले, डबीवर रबर चढवलं आणि बँडचे तीन वेढे मोजून दिले.

"तुझी खरडपट्टी नंतर काढते. आता ओरड."

"एक, दोन, ती—"

"वळू अंगावर आल्यावर असं ओरडतोस? देवळात आलायस का? जिवाच्या आकांताने ओरड!"

हार्लन ओरडला. तिने वर निरोप देऊन गेन, म्हणजे आवाजाची उचल, एक पायरी उतरवला, एरियल अंगाला चिकटू नये म्हणून डबी पट्ट्याच्या बाहेर फिरवली आणि शेवटी बोट रोखलं. "ही पट्टी काढलीस तर वळूची वाट बघणार नाही. मीच तुडवीन तुला."

खेळ सुरू झाला. मर्ना वर आवाजाच्या मिक्सरपुढे बसली, डोळे रिसीव्हरच्या दोन दिव्यांवर. एक दिवा डबी चालू आहे का ते सांगतो, दुसरा माणूस बोलतोय का ते. बर्ल तिच्या मागे हाताची घडी घालून उभा. सतरा वळू झाले. तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

अठराव्यावर नेब्रास्काहून आलेला एक लांबटांग्या स्वार बसला होता. पाचव्या सेकंदाला तो उडाला, आणि वळूने वळून पहिल्यांदा पिंपालाच शिंग घातलं. पिंप आडवं झालं, गडगडत कुंपणापर्यंत गेलं. माणसाचा दिवा विझला. "गेलं," बर्ल मागून म्हणाला.

"गप्प बस," मर्ना म्हणाली. डबीचा दिवा लागलेलाच होता.

वळू नेब्रास्कावाल्याकडे वळला आणि त्याच क्षणी आडव्या पिंपातून, धापा टाकत, पण घंटेसारखा खणखणीत आवाज स्पीकरमधून फुटला. "टेट! फाटक!"

कडी वाजली. टेटने एका हाताने फाटक असं भिरकावलं की ते भिंतीवर आपटून परत आलं. वळूला वाट दिसली, तो सरळ बाहेर गेला. नेब्रास्काचा पोरगा उठला, टोपी झटकली, लंगडत निघाला. मर्नाने तेव्हा कुठे पाण्याचा पहिला घोट घेतला.

खाली हार्लन पिंपातून बाहेर आला. लोक टाळ्या वाजवत होते, आता तो विनोद करणार म्हणून थांबले. त्याने नकली केस काढले आणि पिंपावर बसला.

"मंडळी, गेल्या वर्षी याच वेळी माझा माइक बंद पडला होता," तो म्हणाला. "तुम्हाला सांगितलं गेलं की मर्ना पट्टी लावायला विसरली. तसं झालं नव्हतं. तिने पट्टी लावली होती. पिवळी होती म्हणून मी ती उपटून फेकली, आणि वर्षभर शेपूट घालून बसलो."

फाटकामागून टेट बाहेर आला आणि तिथेच उभा राहिला. तिसऱ्या बाकावर त्याची आई अर्धवट उठली.

"बंद करा तो माइक!" बर्ल मर्नाच्या कानाशी खेकसला. "सगळा गाव ऐकतोय! याला पुन्हा कुणी रिंगणात उभं करणार नाही. मर्नाबाई, बंद करा म्हणतोय ना!"

मर्नाची बोटं हार्लनच्या आवाजाच्या सरकत्या कळीवर होती. खाली ओढली की झालं, हार्लनचं पोटपाणी वाचलं असतं. तिला त्याची दया आली, खरंच आली. बावीस वर्षांचा सोबती होता तो.

"टेट, पोरा, तुझा गुन्हेगार मी आहे," हार्लन म्हणत होता. "आणि मर्ना हॉगन..."

त्याचा आवाज खोल जायला लागला होता, मागच्या बाकांपर्यंत पोचत नव्हता. मर्नाने कळ दोन बोटं वर सरकवली.

"...मर्ना हॉगन काही म्हणजे काहीही विसरली नव्हती," हे मग पार रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या, घोडे वाहून आणणाऱ्या गाड्यांपर्यंत ऐकू गेलं.