समुद्राची बाजू

मोबाइलवर वादळाचा इशारा आला की मी अजून लूमवरच्या कापडाकडे बघतो. सुरतेत, उधन्याच्या आमच्या कारखान्यात वाऱ्याने धागा तुटू नये म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केल्यात. मी तिथे नवा असताना, वादळानंतरच्या सकाळी, समुद्रावरचा एक चिमुकला, पिवळ्या चोचीचा सुरय पक्षी दारातून आत शिरला. छताखाली जागच्या जागी फडफडायचा आणि मासा दिसल्यासारखा चकचकीत कापडावर सूर मारायचा. तिसऱ्यांदा आपटला तशी शेजारी काम करणाऱ्या वडिलांनी आपली लूम थांबवली. "त्याले ते पानी वाटस," म्हणत त्याला ओंजळीत घेऊन ते बाहेर गेले. पक्षी पत्र्यांवरून मावळतीकडे उडाला. "म्हंजे समुद्र तिकडे शे," सुरतेत वीस वर्षं काढलेले वडील म्हणाले. आता त्यांच्या लूमवर मी उभा असतो, समुद्राकडे पाठ करून.