पुढचा हुकूम येईपर्यंत

काही झालेलं नसताना आजाराचं सोंग करणारी माणसं पैशाला पासरी मिळतात; पण पाय कामातून गेलेला असताना धडधाकटपणाचं सोंग करणारा, आणि तेही नेमकं सरकारी डॉक्टरांपुढे, म्हणजे जिथे ते मुळीच परवडत नाही तिथे, असा माणूस मी अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत एकच पाहिला. आमच्या खालचे सुभेदार. मी दुसऱ्या मजल्यावर, ते पहिल्या. मूळचे साताऱ्याकडचे, पेन्शनीत निघाल्यावर इकडे आलेले. नोकरीत असताना डोंगरातल्या अरुंद वाटेवर सामान लादलेलं एक खेचर घसरलं आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यावर पडलं. त्या खेचराचा लष्करी नंबर त्यांना पाठ होता, आणि त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्यांना खपत नसे. चूक त्याची नव्हती, त्याला थांब म्हणायला आपल्यालाच उशीर झाला, असं ते सांगत. खेचराची बाजू अशी नीट मांडली गेली. गुडघा मात्र कायमचा गेला. म्हणून साध्या पेन्शनीवर अपंगत्वाची थोडी जादा पेन्शन मिळायची, आणि त्या जोरावर घरी बसून पायाला विश्रांती देता यायची.

विश्रांती घेणार कोण? घरात ते भिंत धरून चालत. पलंगापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला हाताचा कळकट पट्टा उमटला होता. दर दिवाळीला त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, बडबडत चुना लावायच्या आणि संक्रांतीच्या आत पट्टा पुन्हा हजर. पण हा पट्टा दाराच्या चौकटीशी संपायचा. चौकट ओलांडली की सुभेदार ताठ, आणि जिना कवायतीच्या चालीनं उतरणार. काकूंनी पिच्छा पुरवला म्हणून एकदा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून काठी आणली. दुकानदार सिंधी होता. ‘सांई, हत्ती टेकला तरी मोडणार नाही’ म्हणून त्यानं ती गळ्यात मारली. हत्तीचं सोडा, सुभेदारसुद्धा तिच्यावर टेकले नाहीत. ती काखेत आडवी धरून ते भाजी आणायला जात. टोकाचं रबर कित्येक वर्षं कोरं करकरीत होतं. मांजर्लीला मेहुण्याच्या घरात नदीचं पाणी शिरलं, तेव्हा हेच गृहस्थ कंबरभर पाण्यातून शिलाईचं मशीन डोक्यावर घेऊन बाहेर आले आणि मग आठवडाभर सर्दी झाली म्हणून अंथरुणात पडून राहिले. सर्दी गुडघ्याला झाली होती, हे काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं.

आता ह्या जादा पेन्शनीचा नियम असा, की काही वर्षांनी मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं, डॉक्टर पाय बघून अपंगत्वाचे टक्के ठरवणार, आणि टक्के वीसच्या खाली घसरले की तेवढी पेन्शन बंद. शहाणा माणूस अशा वेळी कण्हत जातो. सुभेदारांनी महिनाभर आधी तिळाच्या तेलाचं मालीश सुरू केलं. ठरल्या दिवशी बुटांना पॉलिश, कोटाला पदकं. आत जाऊन टाच आपटून सलाम ठोकला, आणि तकलीफ काय विचारल्यावर ‘कुछ नहीं, साहब’ म्हणून समाधानानं घरी आले. साहेबापुढे शिपायानं लंगडायचं नसतं, बस्स. टक्के घसरले. जादा पेन्शन बंद झाली. काकू ओट्याशी बसून रडल्या, आणि सुभेदारांनी एका केमिकल फॅक्टरीच्या गेटवर वॉचमनची नोकरी धरली. तिथे त्यांना स्टूल दिलं होतं. त्यावर ते डबा ठेवत आणि स्वतः उभे राहत. संध्याकाळी घरात शिरल्यावर ते पलंगावर कोसळायचे, तो आवाज वर आमच्याकडे ऐकू यायचा. असंच चाललं तर पाय राहणार नाही, असं डॉक्टरांनी काकूंना बजावलं. मला भयंकर राग यायचा. एवढा हट्ट माणसानं करावा कशाला?

शेवटी मीच मागे लागून अपील करायला लावलं. नवीन बोर्डाची तारीख आली तशी काकूंनी घरात लंगडण्याची तालीम सुरू केली. बिचाऱ्या स्वतः पलंगापासून मोरीपर्यंत लंगडून दाखवायच्या. सुभेदार लक्ष देऊन बघायचे आणि पाऊल मेळात पडत नाही म्हणून त्यांनाच सुधारायचे.

बोर्डाला मी सोबत गेलो. नाव पुकारलं आणि सुभेदार नेहमीसारखे ताडताड आत गेले. संपलं सगळं, म्हणून मी कपाळाला हात लावला. दार उघडंच होतं. आत एक पिकल्या मिशांचे कर्नल डॉक्टर बसले होते. त्यांनी पुढ्यातले कागद बाजूला सारले आणि सुभेदारांकडे नुसतं बघत राहिले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, “सुभेदार साहब, घर में जैसे चलते हो, वैसे चलो. ये हुकुम है.”

सुभेदारांचा हात हळूच बाजूला गेला आणि चाचपडत भिंतीला लागला. भिंत धरून, पाय फरफटवत ते त्या खोलीत चालले. त्यांना इतकं दुखत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. खोलीच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी वळून सलाम केला आणि विचारलं, “कब तक, साहब?”

“अगला हुकुम आने तक.”

पेन्शन सुरू झाली, वॉचमनगिरी सुटली, आणि सुभेदार त्या दिवसापासून उघड उघड लंगडू लागले. जिन्यात, बाजारात, स्टेशनच्या रस्त्यावर. काठी जमिनीला लागली. कुणी चौकशी केली तर ‘वरून हुकूम हाय’ म्हणून गंभीरपणे सांगायचे. भिंतीवरचा पट्टा चौकट ओलांडून बाहेर आला आणि जिन्यातून खाली फाटकापर्यंत गेला. सोसायटीत कुरकूर झाली, पण हुकुमापुढे कोण काय बोलणार?

पुढचा हुकूम काही आला नाही. सुभेदार गेले, तेसुद्धा कुणाला तकलीफ न देता. त्यानंतरच्या दिवाळीला बिल्डिंगचं रंगकाम काढलं, आणि सोसायटीनं देखरेखीला मला उभं केलं. रंगारी पहिल्या मजल्यावर येऊन जिन्यातल्या त्या पट्ट्यावर ब्रश फिरवणार, एवढ्यात काकू दारात आल्या. जन्मभर त्या पट्ट्यावर चुना फासत आलेल्या बाई.

“तेवढी भित राहू दे, बाबा,” त्या म्हणाल्या. “ह्यास्नी उतरायला लागती.”

रंगाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, आणि तो डबा उचलून वरच्या मजल्यावर गेला.