गोलकीपरचं वय

आमच्या संघातल्या अकराही मुलांची जन्मतारीख एक जून होती. यात लबाडी नव्हती. त्या काळी आमच्या भागात मुलाला पहिलीत घालायला बाप यायचा, नाहीतर आजी. गुरुजींनी जन्म कधीचा विचारलं की आजी सांगायची, "थोरलीचं लगीन झालं, त्याच्या फुडल्या सुगीत." गुरुजी अंदाजाने साल धरायचे, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहून मोकळे व्हायचे. अशी एक जूनला जन्मलेली मुलं प्रत्येक शाळेच्या रजिस्टरात होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. जिल्ह्याच्या फुटबॉल समितीला ठाऊक नव्हतं, यावर माझा तेव्हाही विश्वास बसला नाही आणि आजही बसत नाही.

एकाहत्तर साली मी पारनेरजवळच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवत होते. खेळाचा तास कुणालाच नको होता, म्हणून तो नव्या बाईच्या गळ्यात पडला. माझं लहानपण नगरला लष्कराच्या वस्तीशेजारी गेलं. जवानांचा फुटबॉल रोज पाहिल्यामुळे नियम तोंडपाठ होते. कबड्डी मुलांना माझ्याशिवायही येत होती, तेव्हा मी फुटबॉल घेतला.

"बाई, लाथा मारायला कशाला शिकवावं लागतं?" मुख्याध्यापक म्हणाले.

"कुठे मारायच्या नाहीत ते शिकवावं लागतं," मी म्हटलं. त्यांनी परवानगी दिली, पैसे दिले नाहीत.

गावाच्या गायरानात दर शनिवारी आधी अर्धा तास दगड वेचायचे आणि मग खेळायचं. बाभळीच्या मेढी रोवून गोल केले. मुलं अनवाणीच असत. चेंडू कातडी होता, त्याची वादी कपाळावर बसली की दोन दिवस वळ राहायचा. तरी शनिवारी कुणी गैरहजर नसे.

गोलवर उभा राहायचा तो मुलगा आठवीतला, हाडापेराने थोराड. बापाचा बैलांचा व्यापार होता आणि हा लहानपणापासून त्याच्याबरोबर बाजार करायचा. सुटलेलं वासरू धरावं तसा तो चेंडू छातीशी धरायचा. बापाने त्याची शाळा त्या वर्षी थांबवायची ठरवली होती. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की चौदा वर्षांखालच्या सामन्यांतून जिल्ह्याचा संघ निवडतात, आणि निवडलेल्या मुलाला नगरच्या शाळेत वसतिगृहासकट प्रवेश मिळतो. बाप म्हणाला, "निवड झाली तर शिकू द्या. न्हाई झाली तर माज्यासंगं येऊ द्या." मला निवडीची खात्री होती. प्रवेशिका मी स्वतः भरली. अकरा नावांपुढे अकरा वेळा एक जून लिहिलं, आणि एकदाही हात थांबला नाही. ती चूक माझी.

दिवाळीनंतर सामने होते. पहाटेच्या एसटीने आम्ही नगरला पोचलो. मैदानावर टेबल मांडून समितीचे सेक्रेटरी बसले होते. आमचा सामना ज्या शाळेशी होता तिच्या क्रीडाशिक्षकांनी आमची प्रवेशिका चाळली आणि हरकत घेतली, की तारखा बनावट आहेत आणि पोरं मोठी आहेत.

सेक्रेटरींनी कागद वर धरला. "अहो बाई, तुमच्या गावात बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस बायका बाळंत होत नाहीत का?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. मी रजिस्टराची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि समितीतल्या एका डॉक्टरांना बोलावलं. अक्कलदाढ आलेला मुलगा चौदाच्या आतला असू शकत नाही, तेव्हा दात पाहायचे असं ठरलं. मुलांना रेषेवर ओळीने उभं केलं. समोर दुसऱ्या शाळेची मुलं कॅनव्हासचे बूट घालून बघत उभी. डॉक्टर एकेकाच्या तोंडात बोट घालून गाल ओढायचे, आत बघायचे, मान हलवायचे आणि तेच बोट रुमालाला पुसून पुढच्याच्या तोंडात घालायचे. मी हे चालू दिलं. मला सामना हवा होता.

गोलकीपरने तोंड मिटून धरलं.

"बाई, ह्ये बैलाचं करत्यात."

"माणसांचंही करतात. उघड तोंड."

"आमचा बा बाजारात असंच बघतो. बघितल्यावर दर सांगतो." तो डॉक्टरांकडे वळला. "तुमी किती देनार?"

"वळण बघा," सेक्रेटरी म्हणाले. "दाढ आलेली दिसतेय, म्हणून घाबरतोय."

"मी सांगते ना, उघड," मी म्हटलं. वर्गात वापरते त्या आवाजात म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, कडेची आपली पिशवी उचलली आणि फाटकातून बाहेर गेला. सेक्रेटरींनी त्याच्या नावावर लाल रेघ ओढली. बाकीचे दहा जण पास झाले. तिथून मला सगळ्यांना घेऊन परत फिरता आलं असतं. मी फिरले नाही. बचावातला एक मुलगा गोलवर उभा केला आणि दहा जणांत सामना खेळवला. तीन गोल खाल्ले, एकही केला नाही.

तो एसटी स्टँडवर बाकावर बसलेला सापडला.

"किती?" त्याने मुलांना विचारलं.

"तीन."

"दोन म्या धरलं असतं."

"आनि तिसरा?"

"तिसरा कसा गेला ते दाव."

मग फलाटावर तिसरा गोल कसा गेला ते दाखवणं सुरू झालं. कुणी मेढ झालं, कुणी बॅक, आणि कंडक्टर ओरडेपर्यंत ते संपलं नाही. परतीच्या एसटीत सगळे मागच्या बाकांवर जाऊन बसले, मी पुढे एकटी.

महिन्याभरात त्याची शाळा सुटली. मी घरी गेले तर बाप शांतपणे म्हणाला, "बाई, तुमी म्हनला हुता निवड हुईल. न्हाई झाली." दात पाहिल्याचं पोराने घरी सांगितलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मीही सांगितलं नाही.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. बैलांना गिऱ्हाईक नव्हतं, बापलेक खडी फोडायच्या कामावर जात. मी शेजारच्या तीन गावांतल्या शिक्षकांना गाठलं आणि दर रविवारी आपल्याआपल्यात सामने घेऊ म्हटलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, दाखले कोणते मागायचे. मी म्हटलं, कोणतेच नाही. बाभळीची एक काठी तोडू आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर आडवी धरू. तिच्याखालून ताठ चालत गेला तो लहान गटात, डोकं अडलं तो मोठ्या गटात. पोरांना हे लगेच कळलं, शिक्षकांना दोन बैठका लागल्या.

गोलकीपर पापण्यांवर दगडाची धूळ घेऊनच यायचा. एक गुरुजी म्हणाले, "हा तर शाळेत नाही."

"नियमात शाळा नाही," मी म्हटलं. "काठी आहे." त्याचं डोकं काठीला अडलं, तेव्हा तो मोठ्यांत खेळला. मोठ्यांत मिशा फुटलेले बाप्ये होते. त्याला चालत होतं.

त्र्याहत्तरपर्यंत गावं चारांची सात झाली. मग समितीचं पत्र आलं, की हे सामने समितीच्या अखत्यारीत आणावेत, रीतसर प्रवेशिका भराव्यात, त्याबद्दल दोन नवे चेंडू मिळतील. आमचा चेंडू शिवून शिवून अंड्यासारखा झाला होता. शिक्षकांना चेंडू हवे होते, मलाही हवे होते. मी गोलकीपरला विचारलं.

"बॉल घ्या," तो म्हणाला. "फारम भरू नका."

मी तसंच लिहून कळवलं. आणखी एक ओळ घातली, की मुलं पारखायची असतील तर कुठल्याही रविवारी या, कडेला उभे राहा आणि खेळ बघा. चेंडू आले नाहीत. कुणी बघायलाही आलं नाही. जिल्ह्याचा संघ नगरच्या दोन शाळांतून निवडला. गोलवर कोण घेतलाय ते बघायला मी मुद्दाम एसटीने गेले आणि पूर्ण सामना उभ्याने पाहिला. मुलगा बरा होता. आमचा जास्त चांगला होता.