डोलकाकांची तरती जेट्टी

डोलकाका जमिनीवरही डुलत चालत. बंदरातली तरती जेट्टी सांभाळण्यात त्यांची उमर गेली होती, त्याला ते तरी काय करणार! पोकळ पोलादी पेट्या एकमेकींना जोडून केलेली ही जेट्टी साखळ्यांनी तळाला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेली होती. काका रोज पेट्यांवर हातोडीने ठोकून आत पाणी शिरलंय का ते ऐकत, कडेचे शिंपले खरवडत, साखळ्या तपासत. भूकंपात जमीन हलली तरी बोटी लागायला एक जागा शाबूत राहावी, म्हणून ती बांधलेली. पण भूकंप काही येईना. शेजारी सिमेंटची भक्कम जेट्टी असताना इथे पोट ढवळून घ्यायला कोण जातंय? लोक तिला पाळणा म्हणू लागले.

चेष्टा करणाऱ्यांत पहिला नंबर घरातच होता. काकू शिवणकाम करत. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांनी जेट्टीवर पाऊल टाकलं नव्हतं.

"जी धड एका जागी उभी राहत नाही, तिचा काय भरवसा?" त्या म्हणत. "माझं मशीन बघा. कधी जागचं हललंय?"

काका हसण्यावारी न्यायचे, पण मनाला लागायचं. आपण जन्मभर जे जपलं ते आपल्या माणसाने एकदा तरी येऊन बघावं, एवढीच त्या भल्या माणसाची हौस होती.

भूकंप आला तो भर दुपारी. कधी न हललेलं मशीन खोलीभर नाचलं आणि काकूंच्या उजव्या पायावर आडवं झालं. घोट्याचा पार चुरा झाला. शहराकडचा पूल खचला, सिमेंटची जेट्टी दुभंगली. दुसऱ्या दिवशी मोठ्या लाटांचा इशारा मागे घेतल्यावर शहरातून दवाखान्याची बोट निघाली. ती लागणार होती तरत्या जेट्टीला.

"आज ऑपरेशन झालं नाही तर पाय वाचेल असं वाटत नाही," शाळेच्या पटांगणात जखमींना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं.

"गेला तर जाऊ दे. त्या पाळण्यात मी बसायची नाही!" काकू म्हणाल्या.

कधी नव्हे ते काका भडकले. "आणि मशीन कुणाच्या पायाने चालवणार? माझ्या?"

काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून जेट्टीच्या टोकाशी नेऊन ठेवलं आणि ते उरलेल्या जखमींना आणायला परतले. काकूंनी डोळे गच्च मिटले होते आणि काकांची कॉलर मुठीत धरली होती. बोट अजून लांब होती.

एवढ्यात किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. काकूंनी डोळे उघडले. विजेचे खांब हलत होते, शाळेची कौलं घसरून पडत होती, माणसं पटांगणाच्या मधोमध धावत होती. जेट्टीच्या साखळ्या जराशा करकरल्या, बस.

"काय झालं हो?"

"पुन्हा हादरा बसला."

"कधी?"

"आत्ताच की. तू बघितलास ना."

काकूंनी खाली वाकून पायाखालच्या पोलादी पत्र्याला हात लावला. तो रोजच्यासारखाच हळूहळू वर-खाली होत होता. बोट जवळ आली तशी त्यांनी काकांची कॉलर सोडली, चुरगळलेली बघून हाताने सारखी केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी परत येईपर्यंत माझं मशीन इथे आणून ठेवाल का?"

काकांनी मान डोलावली आणि मशीनसाठी जागा बघायला ते टोकाच्या पेटीवर ठोकून ऐकू लागले.